साडूचे एकशे अठ्ठावीस जीबी

माझ्या साडूइतकं थोडक्यात भागवणारा माणूस उभ्या सिंधुदुर्गात सापडायचा नाही, आणि त्याच्याइतकी दुसऱ्याची जागा व्यापून बसणाराही सापडायचा नाही. या दोन गोष्टी एकाच माणसाला एकाच वेळी कशा जमतात, हे मला लग्नाला वीस वर्षं उलटून गेली तरी उमगलेलं नाही. त्याला हवं असतं चिमटीभर आणि मिळतं सूपभर. मी सूप पुढे करून उभा राहतो आणि घरी येताना तेच सूप रिकामं, वर थोडं फाटलेलं, परत आणतो. साडू हे नातंच मुळात विचित्र आहे. भाऊ म्हणावा तर रक्ताचा नाही, मित्र म्हणावा तर आपण निवडलेला नाही. दोन अनोळखी पुरुषांना एकाच सासूच्या पंगतीत शेजारी शेजारी बसवायचं आणि मग जन्मभर त्यांची उंची एकमेकांशी मोजत राहायची, अशी ही योजना आहे. त्यात माझा साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. तो माझ्या आधी सहा-सात वर्षं त्या पंगतीत जाऊन बसला होता. मी पोचलो तेव्हा चांगला पाट गेलेला होता.

आमच्या सासूबाईंना आम्ही सगळेच आये म्हणतो. आये वाढायला आली की मी सरळ माणूस, लागेल तेवढा भात एकदाच घेतो आणि खाली मान घालून जेवतो. साडू ताटावर हात आडवा धरतो आणि म्हणतो, "थोडोच वाढ गो आये. इतकोसो." आये इतकासा वाढते. ती चुलीपर्यंत जाऊन येईस्तोवर तो इतकासा नाहीसा झालेला असतो. मग पुन्हा हात आडवा, पुन्हा इतकासा. अशा रीतीने हा माणूस माझ्या दीडपट भात आणि तळलेल्या सुरमईचे मधले सगळे तुकडे खाऊन उठतो, आणि आये माझ्या बायकोला म्हणते, "काय जेवलो नाय गो बिचारो." मग माझ्या पानाकडे एक नजर टाकून, "हेंचां बरां आसा. लाजनत नाय."

प्रवासाचंही तेच. एकदा कोल्हापुरात आमच्या एका भाच्याचं लग्न होतं. मी आदल्या दिवसापासून दोन बॅगा भरल्या. पाऊस पडला तर, थंडी पडली तर, काही सांडलं तर, असा सगळा विचार केलेला. साडू आला तो एक कापडी पिशवी काखेत मारून. आत एक सदरा, एक लुंगी आणि दात घासायचा ब्रश. आमची गाडी फोंडाघाटाच्या बाजारात येऊन बंद पडली. मी बॅगांवर बसून राहिलो, कारण बॅगा सोडून जाणार कुठे? साडू खाली उतरला, समोरच्या हॉटेलात भजी खाल्ली, तिथे एका टेम्पोवाल्याशी त्याची गोव्याच्या कुठल्याशा ओळखीवरून दोस्ती झाली आणि पिशवी काखेत मारून तो त्या टेम्पोतून निघून गेला. आम्ही पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. त्या लग्नाच्या अल्बममध्ये नवरदेवाच्या उजव्या हाताला जो माणूस हसत उभा आहे, तो माझा साडू. मी त्या अल्बमात नाही. माझे दोन्ही कोट मात्र कडक इस्त्रीत सावंतवाडीला परत आले.

दोडामार्गच्या पुढे, डोंगराच्या कुशीत त्याची काजूची बाग आहे, थोडं रबर आहे, आणि घर आहे दोन खोल्यांचं. दोनच. त्यातही एकीत निम्मे काजू. बाकी सगळी पडवी. पाहुणे आले की पडवीत झोपतात, आणि दरवर्षी मे महिन्यात आमच्या नात्यातली यच्चयावत माणसं त्याच पडवीत पसरलेली असतात. माझ्याकडे पाहुण्यांची म्हणून वेगळी खोली आहे. तिच्यात पंखा आहे, आरसा आहे, उशांना नवे अभ्रे आहेत. तिथे कोणी झोपत नाही. त्याचा फ्रीज कमरेएवढा आहे. "मोठो घेतलो काय शिळां खावचां लागतां," हे त्यावरचं त्याचं भाष्य. मी दोन दारांचा घेतला होता. मागच्या एका पावसाळ्यात लाइट गेली ती परत यायचं नाव घेईना, आणि दोन दारांच्या आत साठवलेली माझी आठवड्याची मासळी तिसऱ्या गल्लीपर्यंत आपली हजेरी लावू लागली. तेव्हा आम्ही जेवायला कुठे गेलो? तर त्याच्याकडे. त्याने सकाळीच चार बांगडे आणले होते, आणि ते कसे कोण जाणे, सगळ्यांना पुरले. परत येताना बायको गाडीत एवढंच म्हणाली, "भावजींचां बरां असतां." हे वाक्य ती सहज म्हणते. ते मी वीस वर्षं सहज ऐकून घेतो.

तर अशा माणसाच्या आणि माझ्या घरी एकाच महिन्यात टीव्हीला जोडायचा कॉम्प्युटर आला, त्याची ही हकीकत.

त्याचं कारण आये. सासरे गेल्यापासून ती सहा महिने आमच्याकडे आणि सहा महिने थोरलीकडे राहते. तिला नाटकं, जुने सिनेमे, भजनाच्या बाऱ्या, म्हणजे दोन बुवांचे सामने, असं काहीतरी संध्याकाळी पाहायला लागतं. पण पावसात डिश आंधळी होते आणि साडूच्या गावात तर घरातला तारेचा फोन तेवढा चालतो, मोबाईलची रेंज घेण्यासाठी काजूच्या बागेत वरपर्यंत चढावं लागतं. म्हणून दोघी बहिणींनी फोनवर ठरवलं की दोन्ही घरी एकेक लहानसा कॉम्प्युटर घ्यायचा, त्याच्या पोटात सगळं भरून ठेवायचं आणि टीव्हीवर लावायचं. काम माझ्याकडे आलं. मी हायस्कुलात कारकून आहे, आमच्या नात्यात कॉम्प्युटरचा माणूस मीच. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एखाद्या विषयात साडूने माझ्यामागून चालायचं होतं. मी महिनाभर वाचलं. त्या लहान डबीत एकच डिस्क बसते, आणि पुढे पुन्हा उघडाउघड नको म्हटलं तर ती किती मोठी घ्यायची, हे आधीच ठरवावं लागतं. बाहेरून जोडायची डिस्क मला नको होती, कारण तिची वायर खाली लोंबणार आणि आयेचा पाय त्यात अडकणार. बरं, एक साधा सिनेमा किती जागा खातो, चांगल्या प्रतीचा किती, घरचे फोटो किती, लग्नाचे व्हिडिओ किती, याची मी बैजवार मांडणी केली, आणि अखेर चार टीबी या निष्कर्षावर आलो. इतक्या जागेत आयेचा हा जन्म आणि पुढचा एखादा आरामात मावला असता.

साडूच्या शेजारचा आग्नेल रोज मोटरसायकलने गोव्यात म्हापशाला एका कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला जातो. त्याच्याकडेच आम्ही दोघे गेलो. मी माझी मागणी सांगितली. दुकानातल्या दोघा-तिघांनी माझ्याकडे वळून बघितलं, ते मला आवडलं. मग आग्नेलने साडूला विचारलं, "भाऊ, तुमका कितक्या?"

"सगळ्यात ल्हान कितक्या आसा?" साडू म्हणाला.

"दोनशे छप्पन्न जीबी. पण तां घेव नको. पाचशे बारा तरी घेवा."

"त्याच्या खाली?"

"त्याच्या खाली आता कोण ठेवणा नाय, भाऊ."

"कोणाचो जुनो काढलेलो आसात की खंय तरी."

आग्नेलने ड्रॉवर उपसला आणि कुणाच्या तरी लॅपटॉपमधून काढलेली एकशे अठ्ठावीसची डिस्क टेबलावर ठेवली. मला राहवेना. मी म्हटलं, "अहो भाऊ, त्यातली निम्मी जागा त्या मशीनलाच लागेल. उरलेल्यात काय भरणार तुम्ही?"

"जितक्या मावता तितक्याच," तो म्हणाला. "बघून झालां की पुसूचां. नवीन घालूचां."

"आणि पुन्हा बघावंसं वाटलं तर?"

ती डिस्क त्याने विड्याच्या पानासारखी तळहातावर घेतली होती. "भरून ठेवलेलां कोण बघीत नाय रे भावा. संपतलां म्हटलां की माणूस धावत येता."

आग्नेल हसला. दुकानातले ते दोघे-तिघेही आता साडूकडे वळून बघत होते.

मी घरी आलो आणि भरायला बसलो. पौराणिक, सामाजिक, विनोदी, भक्तिपर, असे कप्पे केले. कप्प्यांत कप्पे केले. भाच्यांकडून, सहकाऱ्यांकडून, इकडून तिकडून पेनड्राइव्ह मागवले. आयेच्या ट्रंकेतल्या जुन्या व्हिडिओ कॅसेट स्टुडिओत नेऊन डिस्कवर चढवून घेतल्या. त्या मी बघितल्या नाहीत, फक्त चढवल्या. दिवाळीपर्यंत एक टीबी झाला. मला पोटभर जेवल्यासारखं वाटत होतं. शनिवारी संध्याकाळी मी आणि बायको टीव्हीसमोर बसायचो. मी कप्पे उघडायचो. हे बघूया? नको, हे जरा मोठं आहे. मग ते? ते रविवारी बघू. हा विनोदी आहे, पण यापेक्षा तो दुसरा बरा म्हणतात. असं करता करता भाकऱ्या निवायच्या, बायको उठून पानं घ्यायची, आणि जेवताना आम्ही बातम्या बघायचो.

तिकडे दोडामार्गच्या डोंगरात निराळंच चाललं होतं, आणि ते मला रोज फोनवरून ऐकावं लागत होतं, कारण आये तेव्हा तिथे होती. "आज नाटक आसा," ती सांगायची. "वाडी सगळी येतली." मी म्हणायचो, आये, आमच्याकडे अशी साठ नाटकं आहेत. ती म्हणायची, "असतली." आणि मग घाईने, "ठेवतंय हां, जागा जातली."

ही जागा जाण्याची भानगड काय आहे ते बघायला मी एका शनिवारी मुद्दाम गेलो. बायकोला सांगितलं, काजूच्या बिया आणायच्या आहेत. पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. चटया, खुर्च्या, पाट, उलटी घातलेली घमेली. कोणी उकडलेले फणसाचे गरे आणले होते, कोणी खाजं आणलं होतं. आग्नेलची आई रविवारच्या प्रार्थनेला घालते तो झगा घालून पहिल्या रांगेत बसली होती. मधोमध आये, राणीसारखी. नाटक होतं जवळच्या जत्रेतलं दशावतारी, कुणीतरी मोबाईलवर घेतलेलं. अर्धा वेळ राजाचं डोकं चित्राच्या बाहेर आणि मध्ये मध्ये कॅमेऱ्यापुढून आईस्क्रीमवाला जातोय. माझ्याकडे याच नाटकाचा कितीतरी स्वच्छ प्रयोग होता. पण इथे राक्षस आला तेव्हा पडवी अशी काही ओरडली की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली.

खरा खेळ नाटक संपल्यावर होता. साडू उठला, टीव्हीपुढे उभा राहिला आणि म्हणाला, "पुसू?"

एकदम कालवा झाला. एक गट म्हणाला पूस, आम्हाला पुढच्या शनिवारी नवीन हवं. एक गट म्हणाला, नको, राक्षसाचा प्रवेश ठेव. आग्नेलची आई म्हणाली, माझी बहीण मडगावहून यायची आहे, तिला दाखवल्याशिवाय पुसलंस तर मी उद्यापासून तुझ्याशी बोलणार नाही. साडू न्यायाधीशासारखा सगळ्यांचं ऐकून घेत होता. मग म्हणाला, "बरां. फुडच्या शनवारापर्यंत ठेवतंय. पण मगे तुझ्या बहिणीसाठी तो लग्नाचो सिनेमो जातलो. चलता?" म्हातारीने डोळे मिटून विचार केला, हातातल्या जपमाळेचे दोन मणी पुढे सरकवले आणि म्हणाली, "चलता."

मी खांबाला टेकून उभा होतो. माझ्याकडे चार टीबी होते. त्यातल्या एका जीबीसाठीही आजवर कोणी माझ्यापुढे डोळे मिटून विचार केला नव्हता. काजूच्या बिया घ्यायच्या राहिल्या. बायकोने विचारलं तेव्हा म्हटलं, चांगल्या नव्हत्या.

आये आमच्याकडे यायची पाळी आली तेव्हा तिने फोन केला. म्हणाली, पंधरवडाभर राहते इथेच, मग येते. पंधरवड्याने पुन्हा तेच. मी बायकोला म्हटलं, बघ, आता आईसुद्धा त्याचीच. बायको म्हणाली, "आईक हडे काय आसा? तुमी यादी वाचून दाखवतास." यानंतर दोन दिवस मी त्या कॉम्प्युटरला हात लावला नाही. मग लावला, आणि आणखी भरलं.

मग एका सकाळी थोरलीचा फोन आला. आये काजू वाळत घातलेल्या खळ्यात पाय घसरून पडली होती. खुब्याचं हाड. ऑपरेशन व्यवस्थित झालं, पण डॉक्टर म्हणाले, काही महिने गावात नको, दवाखाना जवळ हवा. म्हणजे सावंतवाडी, म्हणजे आमच्याकडे. सांगायला लाज वाटते, पण आयेला ॲम्ब्युलन्समधून उतरवून घेताना माझ्या मनात काळजीच्या जोडीला एक बारीकसं सुखही होतं. पाहुण्यांच्या खोलीत अखेर कोणीतरी झोपणार होतं. मी टीव्ही तिथे भिंतीला लावून घेतला, तिच्या अगदी डोळ्यांसमोर. रिमोट उशाशी ठेवला.

आये भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

डॉक्टरांनी वॉकर दिला होता, रोज थोडं चाला म्हणाले होते, नाहीतर पाय कायमचा जाईल. ती पायच खाली टाकीना. "माझां झालां आता," म्हणायची. मी रजा काढली. बायको भरवायची, मी उठवून बसवायचो, औषधं द्यायचो, पाठीला पावडर लावायचो. संध्याकाळी विचारायचो, "आये, नाटक लावू? भजन लावू? जुनो सिनेमो?"

"लाव काय तां."

मी लावायचो. पाच मिनिटांत तिचे डोळे मिटलेले. झोप नसायची ती, नुसते डोळे मिटलेले. आणि मध्येच त्या मिटलेल्या डोळ्यांनी विचारायची, "तो कधी येतलो?"

तो म्हणजे कोण, हे विचारायची गरज नव्हती. काजूचा हंगाम होता, बागेत माणसं मिळत नव्हती, म्हणून तो येऊ शकला नव्हता. आणि खरं सांगायचं तर मीही त्याला ये म्हटलं नव्हतं. माझ्या घरात, माझ्या खोलीत, मी एवढं सगळं करत असताना त्याने येऊन पिशवी काखेतून काढायची आणि आयेने उठून बसायचं, हे दृश्य मला आधीच दिसत होतं. पण पडून राहून तिच्या टाचेला जखम व्हायला लागली तेव्हा बायको स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडली. मी अंगणात गेलो आणि त्याला फोन लावला.

"भाऊ," मी म्हटलं, "आये चालत नाय."

"येतंय," तो म्हणाला. एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने तो आला. तीच कापडी पिशवी. आत एक सदरा, एक लुंगी, ब्रश, आणि लुंगीत गुंडाळलेली ती कॉम्प्युटरची डबी. आल्या आल्या त्याने आयेच्या खोलीत डोकावून "इलंय गो" म्हटलं आणि माझ्या मदतीने तिच्यासमोरचा टीव्ही भिंतीवरून उतरवून बाहेर नेला. मी चक्रावलो. ती खोली मी किती विचाराने मांडली होती! त्याने टीव्ही पुढच्या खोलीत, पार दाराजवळ ठेवला, डबी जोडली आणि आतल्या बाजूला तोंड करून मोठ्याने म्हणाला, "आये, आज नाटक आसा हां. पाच वाजता. नवीन आसा, वाडीत अजून कोणाक दाखवक नाय."

आतून बऱ्याच वेळाने आवाज आला. "हडे आणून लाव."

"वायर पुरणा नाय गो!"

वायर पुरत होती. मीच आणली होती, खोलीच्या दुप्पट लांब. मी तोंड उघडलं, तर त्याने माझ्या पायावर पाय ठेवला.

पाच वाजले. त्याने आवाज मोठा केला. पडद्यावर गणपती येऊन नाचून गेला, पेटी वाजली, राजा आला, राजाने विदूषकाला काहीतरी विचारलं आणि साडू एकटाच मोठ्याने हसला. आत शांतता. तो पुन्हा हसला. "काय म्हटल्यान रे तेनां?" आयेने विचारलं.

"हयसून सांगूक येणा नाय. बघूकच होयां."

मग लोखंड फरशीवर टेकल्याचा आवाज आला. मी धावत आत जाणार तर त्याने माझं मनगट धरलं. बायको तिच्या मागे होती, हात न लावता, नुसते पुढे धरून. वॉकर एकदा वाजला. बराच वेळ काही नाही. पुन्हा वाजला. राजा राणीवर रागावला, राणी रडली, नारद आला आणि गेला, तेव्हा आये दारात पोचली होती. कपाळावर घामाचे थेंब, ओठ घट्ट मिटलेले. खुर्चीत बसल्यावर पहिलं काय म्हणाली, तर, "ह्या नारदाचो आवाज बसलो आसा." बायको दाराआड जाऊन पदरात तोंड खुपसून उभी राहिली होती.

आणि इथे त्या माणसाने कळस केला. नाटक रंगात आलं, राक्षसाने राणीला उचललं, आणि साडूने ते बंद केलं. "आज हयसरच."

"अरे मेल्या!" आये ओरडली. महिनाभरात तिचा इतका मोठा आवाज आम्ही ऐकला नव्हता. "फुडे काय झालां?"

"उद्या."

"माका आत्ता बघूचां आसा!"

"उद्या पाच वाजता. जरा लवकर निघ, म्हणजे सुरवात चुकूची नाय."

असं तो नाटक पुरवून पुरवून दाखवत आठवडाभर राहिला. आये दुपारी तीनपासूनच विचारायची, किती वाजले. पहिल्यांदा बायकोने हात पुढे धरून, मग तिने नुसतं मागे राहून, मग एक दिवस बायको भाजी आणायला गेली असताना ती एकटीच येऊन खुर्चीत बसलेली सापडली. गल्लीतल्या बायका येऊन बघून गेल्या आणि सगळ्यांनी साडूचं कौतुक केलं. "आयेचो जावय म्हणजे सोन्यासारखो," त्यातली एक म्हणाली. मी त्या वेळी आयेच्या खोलीतली बेडपॅन धुऊन आणत होतो. मी त्या बायकांमधून वाट काढत आत गेलो.

नाटक संपलं त्या संध्याकाळी त्याने नेहमीप्रमाणे उभं राहून विचारलं, "आये, पुसू?"

ती विचार करत राहिली. मला वाटलं, हे मात्र ठेव म्हणेल. पण तिने वॉकर हाताशी ओढला, उठली आणि म्हणाली, "पूस. बघलंय मी." आणि आपली आपण खोलीकडे चालायला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने तो निघणार होता. जेवणं झाली, आये आडवी झाली, बायको मागच्या दारी भांडी घासत होती. मी आता टीव्ही पुन्हा आत न्यावा की नको, याचा विचार करत होतो. साडू पिशवी भरून खुर्चीत बसला होता. पिशवी भरायला त्याला कितीसा वेळ! तो बराच वेळ पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत, सोडत राहिला.

"रे भावा," तो म्हणाला, "तुझ्या ह्या मोठ्या डब्यात आमच्या लग्नाची कॅसेट आसा म्हणतत. खरां?"

असणारच होती. आयेच्या ट्रंकेतून चढवलेल्यांपैकी ती एक. मी माझी मशीन जोडली, कप्पा उघडला, त्यातला कप्पा उघडला. चित्र जुनं, रंग उतरलेले, कडेने पांढऱ्या रेषा. मांडव, बँड, घामाघूम झालेला बारीक साडू मुंडावळ्या बांधून पाटावर. मला वाटलं तो स्वतःला बघून हसेल. तो पुढे वाकून बसला होता.

"थांब," तो म्हणाला. "हय."

एक उंच म्हातारा मांडवातून चालत आला. डोक्यावर टोपी, मनगटाला छत्री अडकवलेली. कॅमेरा आपल्याकडे वळलेला बघून तो थबकला आणि हात दोन्ही बाजूंना सरळ सोडून, हनुवटी वर करून, ताठ उभा राहिला. मागे सगळं जग हलत होतं, माणसं ये-जा करत होती, आणि तो एकटा श्वाससुद्धा न घेता उभा.

"बाबा," साडू म्हणाला. "तेका वाटलां फोटो काढतत." मग पडद्यावरून नजर न काढता, "त्याच पावसात गेलो. आमच्याकडे तेचो फोटोच नाय. खंय ठेवतलंय म्हणून काय ठेवूकच नाय मी."

कोणीतरी हाक मारली असावी. म्हातारा हलला आणि चित्राबाहेर गेला.

"परत लाव रे."

मी मागे घेतलं. म्हातारा पुन्हा आला, पुन्हा उभा राहिला. आणि तेव्हा मला ती दिसली. म्हाताऱ्याच्या मागे, डाव्या कोपऱ्यात, परकर-पोलक्यातली सोळा-सतरा वर्षांची मुलगी, हातात सरबताच्या पेल्यांचं ताट. ती त्या ताठ उभ्या म्हाताऱ्याकडे बघते आणि तिला हसू फुटतं. दोन्ही हात ताटात अडकलेले, तोंड झाकता येत नाही, म्हणून ती खांद्यात मान घालून हसते. पेले हिंदकळतात. मग ती वळून निघून जाते.

मी तिला त्यानंतर पाच-सहा वर्षांनी, कांदेपोह्यांच्या ताटामागे, खाली मान घातलेली पाहिली होती. ही मी कधी पाहिली नव्हती. त्या मांडवात, तिच्यापासून दहा हातांवर, साडू बसला होता.

"पेनड्राइव्हवर देतो तुम्हाला," मी म्हटलं. "तुमच्यात सहज मावेल."

"नको," तो म्हणाला. "माझ्याकडे ऱ्हवाचां नाय. एक दिवस पुसून टाकतलंय मी, हाताक सवय झाली. तुझ्याकडेच ऱ्हवांदे. मी येयत जायन."

त्याने पुन्हा सांगायच्या आत मी मागे घेतलं. मग आणखी एकदा घेतलं. त्याला वाटत होतं मी ते त्याच्यासाठीच करतोय. त्याची एसटी कधीच गेली होती. बँडच्या गोंगाटात तिचं हसू ऐकू येत नव्हतं, नुसते खांदे हलताना दिसत होते. त्याच वेळी आत आये जागी झाली असावी, तिने काहीतरी म्हटलं, आणि मागच्या दारी माझी बायको भांडी घासता घासता मोठ्याने हसली. साडूने मान वळवली नाही. तो त्याच्या बाबांकडे बघत होता. ते हसू त्या दुपारी फक्त मला ऐकू आलं.